आधी अपॉस्टिल, मग दुरुस्ती: एका कोल्हापुरी कुटुंबाच्या फाईलचं प्रकरण

शिरोली एमआयडीसीत डिझाईन इंजिनिअर असलेल्या एका गृहस्थांना मार्चमध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या कंपनीचं नेमणूकपत्र आलं. रुजू व्हायची तारीख 1 ऑगस्ट. घरात चौघं: ते, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. प्रत्यक्षात हे कुटुंब विमानात बसलं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. कंपनी थांबली म्हणून बरं, सगळ्याच थांबत नाहीत. मधले तीन महिने कुठे गेले ते इथे मांडलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि जिल्ह्यातल्या अनेक घरांत वेगवेगळं घडतं ते एका घरात बसवलं आहे.

सुरुवातीला एक हिशेब. या चौघांना तिकडे लागणारे, इथल्या सरकारी शिक्क्याचे कागद मोजून पाच होते: चौघांचे चार जन्मदाखले आणि एक विवाह नोंदणी प्रमाणपत्र. बस्स. एप्रिलमध्ये एजंटामार्फत जो पहिला गठ्ठा पाठवला त्यात मात्र नऊ कागद होते. त्यात पदवी आणि गुणपत्रकं तीन, शाळा सोडल्याचे दाखले दोन, पोलीस क्लिअरन्स एक, मुलांचे जन्मदाखले दोन आणि लॅमिनेशन केलेलं विवाह प्रमाणपत्र. या नवांतला एकही कागद शेवटी वापरला गेला नाही.

दोन खिडक्या

तिकडे कागद दोन ठिकाणी बघितले जातात, आणि दोन्हीकडची मागणी वेगळी आहे. घोळाची सुरुवात इथूनच होते. पहिली खिडकी आयएनडीची, म्हणजे त्यांच्या इमिग्रेशन खात्याची. उच्चकुशल कर्मचाऱ्याचा परवाना कंपनीच मागते. कर्मचाऱ्याला स्वतःचा जन्मदाखला तिथे द्यावा लागत नाही. कुटुंबासाठी विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले लागतात. दुसरी खिडकी राहत्या गावच्या नगरपालिकेची. तिकडे पोचल्यावर पाच दिवसांत तिथे नाव नोंदवायचं असतं. त्या नोंदणीतून जो नागरिक क्रमांक मिळतो त्यावर पगार, बँक, आरोग्यविमा सगळं अवलंबून. ही खिडकी मोठ्या माणसांचेही जन्मदाखले मागते. कंपनीच्या पत्रात पहिली यादी ठळक होती, दुसरी जोडपत्राच्या तळाशी दोन ओळींत. घरच्यांनी पहिलीच वाचली.

दोन्हीकडे कागद डच, इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन भाषेत चालतो आणि त्यावर अपॉस्टिल, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा पडताळणीचा स्टिकर, लागतं. अपॉस्टिलच्या हेग करारात भारत 2005 पासून आहे आणि नेदरलँड्स भारताचं अपॉस्टिल मानतं. शेजारच्या जर्मनीने भारताच्या सहभागाला हरकत घेतलेली आहे, तिथली पद्धत वेगळी. त्यामुळे म्युनिकला गेलेल्या मेव्हण्याचा सल्ला आइंडहोवनला चालत नाही. हे सांगायचं कारण, या प्रकरणात तोच सल्ला पहिले तीन आठवडे चालला.

अपॉस्टिल म्हणजे काय हेही घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. ते लागलं की कागद 'पास' झाला, असा समज होता. अपॉस्टिल फक्त एवढंच सांगतं की कागदावरची सही आणि शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे. आतला मजकूर बरोबर आहे की चूक, याच्याशी त्याचा संबंध नाही. चुकीच्या नावाच्या दाखल्यालाही ते विनातक्रार लागतं. मग दाखला दुरुस्त केला की नवा कागद मिळतो, जुन्यावरचं अपॉस्टिल जुन्यासोबत जातं, आणि सगळी फेरी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून काम शेवटच्या खिडकीकडून मागे मागे करत यायचं. नगरपालिकेच्या टेबलावर नाव कसं दिसायला हवं ते आधी ठरवायचं आणि गावच्या रजिस्टरपर्यंत उलटं जायचं. यांनी सुलट केलं.

मुलगी: निपाणीचा दाखला

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पत्नीचं माहेर निपाणी. कोल्हापूरहून हायवेने तासाभराच्या आतबाहेर, घरात बोली मराठी, बाजार एकच. पण राज्य कर्नाटक. जन्माची नोंद राहत्या पत्त्यावर होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. म्हणजे मुलीचा दाखला निपाणीचा, कन्नड-इंग्रजी. भाषेची अडचण नाही, इंग्रजी आहेच. अडचण नावाची. दाखल्यावर मुलीचं नुसतं नाव होतं. पुढे वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही. आईच्या रकान्यात माहेरचं नाव. पासपोर्टवर मात्र मुलगी, वडील, आडनाव असं पूर्ण.

आपल्याकडे हे कुणाला खटकत नाही. शाळेत घालताना मास्तर स्वतःच बापाचं नाव आणि आडनाव जोडून घेतात. तिकडचा कारकून तसं करत नाही. त्याच्या दृष्टीने जन्मदाखला हा पासपोर्टपेक्षा वरचा पुरावा आहे. त्यावर आडनाव नसेल तर मुलगी बिनआडनावाची नोंदली जाण्याची शक्यता असते, आणि मग परवाना एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या.

दुरुस्ती जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 15 खाली होते. मूळ नोंद खोडत नाहीत. निबंधक समासात दुरुस्ती लिहितो, सही करतो, तारीख घालतो. नुसती लेखनचूक असेल तर काम हलकं. नावात भर घालायची असेल तर आईवडिलांचं लेखी निवेदन आणि माहीतगार दोन विश्वासार्ह माणसांचं निवेदन लागतं. इथे मुलीचे आजोबा आणि शेजारचे एक निवृत्त शिक्षक गेले. सोबत दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, आईवडिलांचे पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र. निपाणीला तीन फेऱ्या झाल्या. दुसरी फेरी पूर्ण वाया गेली, कारण अर्जात 'आडनाव बदलणे' असं लिहिलं होतं. बदल नको होता, भर हवी होती. अर्जात क्रियापद चुकलं की टेबल बदलतं, ही आपल्या कचेऱ्यांची जुनी खोड आहे.

नवा दाखला आला. आता त्यावर, अपॉस्टिलच्या आधी लागणारं, राज्याचं प्रमाणीकरण. आणि इथे एजंटाने हात वर केले. त्याची माणसं मुंबईला जात होती. कर्नाटकाच्या दाखल्यावर महाराष्ट्राचा शिक्का बसत नाही, तो बेंगळुरूलाच व्हावा लागतो. ज्या राज्याने कागद दिला, प्रमाणीकरण त्या राज्याचं. सीमाभागात लेकी दिलेल्या-आणलेल्या घरांनी हे एक वाक्य आधी लिहून ठेवावं: प्रत्येक जन्मदाखला कुठल्या राज्याचा? या घरात दोन कर्नाटकचे निघाले, कारण आईचा स्वतःचाही निपाणीचाच. दोन्ही कागद एकाच फेरीत पाठवले असते तर खर्च अर्धा झाला असता. तोवर मोठ्यांचे जन्मदाखले लागतात हेच लक्षात आलं नव्हतं, म्हणून बेंगळुरू दोनदा झालं.

पत्नी: तांदळातलं नाव

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं. समजा माहेरची वैशाली, सासरची राधिका. पुढे आधार, पॅन, पासपोर्ट सगळे राधिकेचे. जन्मदाखला आणि पदवी वैशालीची, विवाह नोंदणीतही वैशालीच. तिकडच्या टेबलावर या दोन बायका आहेत.

घरचा पहिला विचार असा, की जन्मदाखल्यावरच राधिका करून आणू. हा रस्ता चूक आहे. जन्मदाखला जन्माच्या वेळची स्थिती सांगतो, तिथे लग्नानंतरचं नाव घालण्याचा प्रश्नच येत नाही. निपाणीच्या कचेरीने हे सरळ नाकारलं आणि बरोबरच केलं. नेदरलँड्समध्ये तर बाईची नोंद जन्माच्या आडनावानेच करायची पद्धत आहे, नवऱ्याचं आडनाव पत्रव्यवहारापुरतं. म्हणजे जन्मदाखला हात न लावता तसाच हवा.

हवी असते ती साखळी: जन्मदाखल्यावर वैशाली, विवाह प्रमाणपत्रावर वैशाली, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात 'वैशाली होती, राधिका झाली' अशी नोंद, आणि पासपोर्टवर राधिका. यातली राजपत्राची कडी नव्हती. लग्नानंतर अकरा वर्षं तिच्यावाचून काही अडलं नव्हतं. राजपत्रासाठी अर्ज ऑनलाइन होतो, फी ऑनलाइन भरता येते, प्रसिद्ध झालेला अंक उतरवून घेता येतो. एकच काळजी: जुनं आणि नवं नाव इंग्रजीत अक्षर न् अक्षर दुसऱ्या कागदांसारखं. इथे जुन्या नावात शेवटी 'डबल ई' की 'आय' हा प्रश्न आला. जन्मदाखल्यावर 'आय', पदवीवर 'डबल ई'. राजपत्रात जन्मदाखल्याचं घेतलं, कारण तिकडे पदवी कुणी मागतच नव्हतं.

विवाह प्रमाणपत्राची गोष्ट लहान पण त्रासदायक. ते 2013 चं. त्याच आठवड्यात घरच्यांनी जपून ठेवायचं म्हणून लॅमिनेशन केलं. अपॉस्टिलचा स्टिकर कागदाच्या पाठीवर लागतो आणि शिक्के कागदावरच बसायला हवेत. प्लॅस्टिकवर काही बसत नाही, सोलायला गेलं तर शाईसकट निघतं. निबंधकाकडून नवी प्रमाणित प्रत घ्यावी लागली. 1998 च्या कायद्याखालचं, नमुना 'ई' मधलं हे प्रमाणपत्र मराठी-इंग्रजी दोन्हीत मिळालं की भाषांतर टळतं. फक्त मराठी प्रत घेऊन नोटरीचं भाषांतर जोडायचं, हा उपाय इथे गल्लोगल्ली सांगतात. डच खात्याला शपथबद्ध भाषांतरकाराचं हवं असतं, आपल्या नोटरीच्या शिक्क्याने ते होत नाही.

पती: 1 जून

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो यांनी. जन्म कागल तालुक्यातल्या एका गावी, घरीच. पासपोर्टवर 1 जून 1986. खेड्यातल्या किती माणसांचा वाढदिवस 1 जूनला येतो ते आपल्याला माहीत आहे. जूनमध्ये शाळेत घालताना वय भरावं म्हणून गुरुजींनी ती तारीख लावलेली असते. ग्रामपंचायतीचं 1986 चं रजिस्टर काढलं तेव्हा नोंद सापडली: मुलगा, वडिलांचं आणि आईचं नाव बरोबर, बाळाच्या नावाचा रकाना कोरा, तारीख 19 सप्टेंबर.

ही नोंद सापडायलाही वेळ लागला. 1 जूनच्या आसपासची पानं चाळून ग्रामसेवकांनी आधी 'नोंद नाही' असं तोंडी सांगितलं होतं. जुन्या रजिस्टरात शोधताना वर्षभराची सगळी पानं वडिलांच्या नावाने बघावीत, तारखेने नाही.

मग घरात चार सल्ले आले. एक, नोंद नाही असा नमुना 10 चा दाखला घ्या आणि तिकडे शपथेवर 1 जून सांगा. नेदरलँड्सच्या नगरपालिकेत जन्मदाखला मिळवणं शक्यच नसेल तर शपथेवर निवेदन करायची सोय खरोखर आहे. पण नोंद समोर असताना ती नाही म्हणणं हे खोटं, आणि शपथ परक्या देशात घ्यायची. दोन, 1 जून तारखेने उशिराची नवी नोंद करून घ्या. एका जन्माच्या दोन नोंदी हा सरळ गुन्हा आहे. शिवाय 2023 च्या दुरुस्तीनंतर वर्षापेक्षा उशिरा होणाऱ्या नोंदीला जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. तीन, शाळेचा दाखला बदला. माध्यमिक शाळा संहितेनुसार शाळा सोडल्यावर रजिस्टरातल्या जन्मतारखेला सहसा हात लावत नाहीत. चार, खरी तारीख धरा आणि बाकीचे कागद तिच्यामागे आणा.

चौथा रस्ता लांबचा, पण टिकणारा तोच होता. क्रम असा झाला. आधी कोऱ्या रकान्यात नाव. कलम 14 खाली बाळाचं नाव वर्षाच्या आत विनाशुल्क आणि नोंदणीपासून 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्काने घालता येतं. 1986 च्या नोंदीची ती मुदत केव्हाच उलटलेली. शासन अशा जुन्या नोंदींसाठी वेळोवेळी खास मुदतवाढ देत आलं आहे आणि अर्ज अशाच मुदतीत बसला. मग नवा दाखला. त्यावरून आधार. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, त्यामुळे दाखल्याचं एकेक अक्षर तपासल्याशिवाय आधार केंद्रात जाऊ नये. मग पॅन. मग पासपोर्ट.

कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पण निर्णय पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाचा. तारखेत साडेतीन महिन्यांचा फरक म्हटल्यावर लेखी खुलासा मागितला गेला. खुलाशात 'शाळेत चुकून लागली' एवढं पुरत नाही. शाळेच्या रजिस्टराचा उतारा, ग्रामपंचायतीच्या मूळ नोंदीची प्रमाणित प्रत आणि तारीख बदलून वयाचा कोणताही फायदा घेतलेला नाही असं प्रतिज्ञापत्र जोडलं. पासपोर्ट मिळाला. तो प्रत्येकाला असा मिळेल याची हमी नाही, म्हणून परवान्याचा अर्ज कंपनीला थोपवायला सांगितला होता. ते शहाणपणाचं ठरलं. जुन्या पासपोर्टवर परवाना निघाला असता तर तोही बदलावा लागला असता.

प्रतिज्ञापत्रांबद्दल जाता जाता: शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी कोर्टाबाहेरच्या टेबलावर शंभराचा, हल्ली पाचशेचा स्टॅम्प हातात ठेवतात, आणि साध्या कागदावर केलेलं प्रतिज्ञापत्र आतला कारकूनही कधीकधी घेत नाही. भांडायला वेळ असेल तर भांडावं. या कुटुंबाने तीन स्टॅम्प विकत घेतले.

मुलगा

हे सोपं निघालं. जन्म 2020 चा, कोल्हापुरात, नोंद महापालिकेत. बारशाआधीच दाखला घेतल्यामुळे नावाच्या रकान्यात काही नव्हतं, आणि दवाखान्यातून आलेल्या फॉर्मवर वडिलांच्या नावात 'डब्ल्यू'च्या जागी 'व्ही' पडला होता. पंधरा वर्षांची मुदत शाबूत होती. नाव घालणं आणि स्पेलिंगची दुरुस्ती एकाच अर्जात झाली. वेगवेगळे अर्ज दिले असते तर पहिल्या अर्जाचा दाखला दुसऱ्याने बाद केला असता.

शिक्क्यांची फेरी

कागद नीट झाल्यावरचं काम त्यामानाने यांत्रिक आहे. दाखला ताजा घ्यायचा. प्रमाणीकरण करणारी कचेरी सही आणि शिक्का पडताळते, वीस वर्षांपूर्वीच्या निबंधकाची सही पडताळणं अवघड जातं. वैयक्तिक कागदावर राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. मंत्रालय नागरिकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. अपॉस्टिलची सरकारी फी कागदामागे 50 रुपये. बाकी जे काही हजारांत सांगितलं जातं ते सेवाशुल्क, कुरिअर आणि फेऱ्यांचं. ते घेऊ नये असं नाही. पण कागदामागे फोड करून लिहून मागावं. या घरच्या पहिल्या गठ्ठ्यात फोड नव्हती, म्हणून लॅमिनेशनमुळे परत आलेल्या कागदाचेही पैसे गेले ते कळलं नाही.

एक अडचण शेवटी उपटली. मुलीचा पासपोर्ट. अल्पवयीनाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो आणि तिचा 2019 चा, म्हणजे मुदत संपत आलेला होता. मुलांच्या अर्जात आईवडिलांचे पासपोर्ट जोडतात. वडिलांचा नवा यायच्या आधी मुलीचा केला असता तर त्यात जुना क्रमांक गेला असता. सुदैवाने हे सप्टेंबरच्या सुरुवातीला लक्षात आलं. आयएनडीचा होकार आल्यावर प्रवेश-व्हिसाचा स्टिकर तीन महिन्यांत घ्यायचा असतो आणि तो 90 दिवस चालतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईची एक फेरी, आणि चौघांचे स्टिकर मिळाले.

आइंडहोवनच्या टेबलावर पाच कागद आणि जोडीला राजपत्राचा उतारा दिला तेव्हा तिथल्या बाईंनी प्रत्येक कागद आधी उलटा केला. पाठीवरचा स्टिकर बघितला, मग पुढची नावं पासपोर्टशी लावून पाहिली. वीस मिनिटांत काम झालं. वैशाली-राधिकेसाठी राजपत्राचा उतारा त्यांनी दोनदा वाचला.

राहिलं ते लसीकरण. ते कुठल्याच यादीत ठळक नव्हतं. तिकडची बालआरोग्य सेवा मुलांच्या लसी त्यांच्या वेळापत्रकाशी ताडून बघते. मुलाची फाईल बालरोगतज्ज्ञांच्या अक्षरात, लसींची नावं कंपनीच्या ब्रँडची. मुलीचं कार्ड निपाणीचं, अर्धं कन्नड. निघण्याआधी कोल्हापुरातल्या डॉक्टरांकडून लसीचं वैद्यकीय नाव आणि तारीख एवढंच, इंग्रजीत, एका पानावर, सही-शिक्क्यासह घेता आलं असतं. त्याला अपॉस्टिलही लागत नाही. नोव्हेंबरमध्ये ते पान व्हॉट्सॲपवरून मागवलं.